तळ्यावरचा दोर

अळ्या मेल्या त्या दिवशी माझी बायको जिवंत होती. त्यानंतर वर्षभर ती जिवंत होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गावात आता असं बोलतात की अळ्यांची बॅच गेली आणि त्या धक्क्याने चौडम्मा गेली. मधलं वर्ष कुणी धरत नाही.

आमच्या भागात घरटी तुती आहे आणि घरटी रेशमाच्या अळ्या. चौथी कात टाकल्यावर अळी बोटाएवढी होते आणि नुसती खात सुटते. तेव्हा शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागतं, इतका त्या चावण्याचा आवाज असतो. त्या दिवशी सकाळी मी शेडचं दार उघडलं तर आवाज नव्हता. अळ्या डोकं वर करून डोलत होत्या. कित्येकींच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. काही पाल्यावरून खाली पडून पीळ घातल्यासारख्या वाकड्या झाल्या होत्या.

चौडम्मा माझ्या मागे टोपली घेऊन उभी होती. तिने टोपली खाली ठेवली, एक अळी तळहातावर घेतली आणि म्हणाली, "पाला मी कापला होता."

पाला तिनेच कापला होता. बांधाकडच्या ओळींचा. बांधापलीकडे बय्यण्णाचे टोमॅटो आहेत, त्यावर त्याने आदल्या दिवशी फवारलं होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे गेलो तर तो टोमॅटोच्या काठ्या बांधत होता. हात न थांबवता म्हणाला, मी माझ्या रानात फवारलं, तुझ्या पाल्याकडे वारा गेला असेल तर वाऱ्याला विचार. मी घरी परत आलो तोवर आमची अव्वा, म्हणजे माझी आई, शेडच्या दारात बसून सुरू झाली होती. पाला कापायच्या आधी हुंगून बघायचा असतो, आमच्या सासवांनी आम्हाला नाक धरून शिकवलं, हिला नाक आहे की नुसती मुरणी घालायला भोक आहे.

आम्ही खड्डा खणला. मेलेल्या अळ्या आणि मरायला लागलेल्या अळ्या वेगळ्या करता येत नाहीत. चौडम्मा टोपल्या भरून आणत होती आणि मी चुना टाकत होतो. चुन्याखाली हालचाल चालू होती. शेवटची टोपली ओतल्यावर ती तिथेच बसून राहिली. हाताला लागलेलं हिरवं तिने दोन दिवस नीट धुतलं नाही.

त्यानंतर ती बदलली. जेवायला बसली की नाचणीचा गोळा सारात मोडायची आणि तसाच ठेवायची. वेणी घालेना. दूध काढताना मधेच थांबायची, गाय लाथ मारेपर्यंत. अव्वाने काही म्हटलं तर पूर्वी ती दोन शब्द ऐकून तिसऱ्याला उत्तर द्यायची. आता उत्तर नाही. अव्वालाही त्याची चीड यायला लागली.

मग एका दुपारी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. चिंच कुठल्या मडक्यात, कुळीथ कुठल्या डब्यात, तिखट किती दिवसांनी दळावं, सगळं दाखवलं. सार कसं करायचं ते सांगितलं आणि मला परत म्हणून दाखवायला लावलं. मी हसत म्हणालो, आता मला चुलीला बांधतेस का? ती म्हणाली, यायला हवं तुम्हाला. त्याच आठवड्यात लग्नातली जांभळी साडी तिने माझ्या भावजयीला देऊन टाकली. भावजय खूश झाली. मी नाही झालो.

अव्वाच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला वनजाक्षी येते. ती आमच्या गावची आशा सेविका, चार बुकं शिकलेली, नवऱ्याने टाकलेली, तोंडाने फटकळ. तिला मी फाटकाशी गाठून चिंचेच्या मडक्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने विचारलं, मरायचं बोलते का? मी म्हणालो, मी विचारलं नाही, विचारून डोक्यात कशाला घालू?

"डोक्यात आहेच, शामण्णा. तुम्ही विचारलंत तर ती तिथे एकटी उरणार नाही, एवढाच फरक."

मी तुतीच्या मळ्यात विचारलं. छाटणीचे दिवस होते, ती कापलेल्या काड्यांच्या मोळ्या करत होती. मी कोयता जमिनीत रोवला आणि तिच्यासमोर बसलो. असा बाईसमोर मी कधी बसलो नव्हतो, तिलाही ते विचित्र वाटलं असणार.

"मरावंसं वाटतं का तुला?"

तिने मोळीची गाठ पुरी केली. मग म्हणाली, "वाटतं."

"बॅच गेली म्हणून?"

"नाही. बॅच गेली तेव्हा सगळ्यांना कळलं की मी कशी आहे. मला आधीपासून माहीत होतं."

"कशी आहेस?"

"कशालाच नाही अशी."

तू चांगली आहेस असं म्हणणं खोटं वाटलं, म्हणजे ते खरं होतं पण तिला खोटं वाटलं असतं. मी म्हणालो, उद्या आपण तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, लोक हसतील. मी म्हणालो, हसू देत. तेव्हा मला हसणं म्हणजे काय असतं ते माहीत नव्हतं.

तालुक्याला डोक्याचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. बाकावर आमच्या आधी पुष्कळ लोक होते. डॉक्टर तरुण होता, त्याने मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी बोलला, मग मला आत घेतलं. म्हणाला, हा आजार आहे. गोळी लगेच लागू होणार नाही, आठवडे जातील, तेवढे दिवस हिला एकटं सोडू नका. घरातली औषधं, फवारणीचे डबे हलवा. घरात आणखी कोण कोण आहे? त्यांना सांगा, एकट्याने राखण होत नाही.

म्हणून मी सांगितलं. माझ्याच तोंडाने.

फवारणीचे डबे मी वनजाक्षीच्या परसात नेऊन ठेवले. शेततळ्याभोवती काट्याच्या फांद्या लावल्या. तळं आमचं आणि माझ्या थोरल्या भावाचं सामाईक आहे. बोअरचं पाणी वीज असेल तेव्हा त्यात सोडायचं आणि लागेल तसं घ्यायचं. आत काळा प्लॅस्टिकचा कागद आहे, त्याला शेवाळ धरतं. पाय गेला तर माणसाला वर यायला काही धरायला नको का, म्हणून काठावरच्या खांबाला बांधलेला एक जाड दोर पाण्यात सोडलेला असायचा.

माझा भाऊ पिळ्ळप्पा. त्याला मी अण्णा म्हणतो. घराचं अंगण एक, चुली दोन. अंगणात अण्णा आणि अव्वा बसले असताना मी त्यांना सगळं सांगितलं. अव्वा ऐकून म्हणाली, आमच्या वेळी मरायला सवड नव्हती. अण्णा उठला. गोठ्यातली दावी, मोटेचा जुना नाडा, झोपाळ्याचा दोर असं सगळं गोळा करायला लागला. मला वाटलं, समजून घेतोय. पण तो मोठमोठ्याने बोलत होता, म्हणजे पलीकडच्या ओट्यावर बसलेल्यांना ऐकू जावं. आता गाईला पदराने बांधतो, विहिरीवर झाकण घालतो, चूल विझवतो, आमच्या घरी राणी आजारी आहे. लोक हसले. तोही हसला. तो तळ्यावर गेला आणि तिथला दोरही सोडून घेऊन आला.

"तो राहू दे," मी म्हणालो. "तो वर यायला आहे."

"दोर तो दोर. हिचं डोकं ठिकाणावर आलं की परत बांधतो."

नवी जर्सी गाय त्याने तेव्हाच आणली होती. ती दांडगी होती. तळ्याचा दोर तिच्या गळ्यात गेला.

मग मी राखण केली. चौडम्मा नळावर गेली की मी मागे. सकाळी ती बांधाआड बसायला गेली की मी पाठ करून अलीकडे उभा. नळावरच्या बायकांनी मला नाव पाडलं, पदराचा गडी. बय्यण्णा मला रस्त्यात थांबवून विचारायचा, आज कुणाला चरायला सोडलं नाहीस का? मला राग यायचा, पण राग घेऊन भांडायला गेलो तर ती एकटी राहायची. म्हणून मी भांडलो नाही. लोकांना वाटलं, ह्याच्यात पाणी राहिलं नाही.

वाईट दिवस पुष्कळ होते. ती गोळी तोंडात धरून ठेवायची आणि मी समोर बसून राहायचो, गिळेपर्यंत. एकदा माझ्या अंगावर थुंकली. एकदा म्हणाली, तुम्ही मला जिवंत ठेवताय ते लोकांच्या तोंडासाठी. मी म्हणालो, लोकांच्या तोंडासाठी असतं तर तुला घरात कोंडून गप्प बसलो असतो. ते तिला पटलं की काय माहीत नाही, पण त्यानंतर थुंकली नाही. तिचे हात थरथरायचे म्हणून तिचे केस मी विंचरायचो. मला जमायचं नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मी विंचरत होतो आणि ती म्हणाली, "गाईची शेपटी आहे का ही?"

मी थांबलो.

"गाठ खालून सोडवायची असते. वरून ओढून माझं टक्कल कराल."

कंगवा तिने माझ्या हातातून घेतला. वेणी वाकडी आली, पण तिने घातली. दुपारी अव्वाने सारात मीठ कमी म्हणून कुरकुर केली तर ती म्हणाली, जास्त मीठ तुम्हाला चालत नाही, वनजाक्षी ओरडते. अव्वाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला शेडमागे जाऊन तोंड धुवावं लागलं.

गोळ्या चालू होत्या. डॉक्टर म्हणाला, बरं वाटलं तरी थांबवायच्या नाहीत. दिवाळीनंतर तिनेच मला सांगितलं, आता माझी मी बाहेर जाईन, तुम्ही बांधापलीकडे पाठ करून उभे राहता ते मला बघवत नाही. संक्रांतीला आम्ही दोघांनी मिळून तळ्याभोवतीचे काटे काढले. काट्यांतून पाणी काढताना तिचे दंड ओरबाडून निघायचे. काटे काढल्यावर तिने तळ्यात बघितलं आणि म्हणाली, दोर नाही.

मी अण्णाला म्हटलं. तो म्हणाला, बांधतो की. बांधला नाही. मी बाजारातून नवा आणून खांबाला बांधला. तो दुसऱ्या दिवशी अण्णाने सोडला आणि अंगणात माझ्यासमोर टाकला. अव्वा त्याच्या बाजूने, घरात दोर आणतोस, तुला जनाची नाही तर मनाची तरी आहे का, पोरीच्या सासरी तोंड दाखवायचंय अजून. मंजुळा, आमची एकच मुलगी, होसकोट्याला दिलेली. तिच्या नावाने सुरू झालं की अव्वाला थांबवता येत नाही.

तेव्हा चौडम्मा स्वतः गेली. अण्णाच्या ओट्यावर बय्यण्णा आणि दोघे-तिघे बसले होते. मी अंगणात विळ्याला धार लावत होतो, मला सगळं ऐकू आलं.

"भावजी, तळ्याचा दोर बांधा. पाय घसरतो."

अण्णा पान खात होता. तो म्हणाला, "दोर मागायला लागलीस? परत सुरू झालं का?"

ओटा हसला. बय्यण्णा म्हणाला, दे बाबा, मागतेय तर दे. ते पुन्हा हसले. चौडम्मा तिथे उभीच राहिली. मला वाटलं, आता संपलं, वर्षभराचं सगळं वाहून गेलं. मी विळा टाकून उठलो. पण ती शांतपणे म्हणाली, "मरायला नको मागतेय. न मरायला मागतेय." आणि परत आली. आत जाऊन तिने नाचणी निवडायला घेतली. मी तिच्याकडे बघत बसलो तर म्हणाली, काय बघता, बरी आहे मी. हसणाऱ्यांची तोंडं बघा, एकाला दात नाही धड.

त्यानंतर आम्ही पाणी घ्यायचं तर काठावर पोटावर पालथं पडून घ्यायचो. एकाने घ्यायचं, एकाने पाय धरायचे. तसं चालवलं.

उन्हाळ्यात आम्ही परत बॅच घेतली. ती घ्यायची म्हणालीच. बांधाकडच्या ओळी सोडून दिल्या. त्या साली ऊन असं होतं की शेडच्या पत्र्याला हात लागत नव्हता. अळ्यांना उष्णता चालत नाही. खिडक्यांना ओली गोणपाटं टांगावी लागतात आणि ती वाळली की परत भिजवावी लागतात. अळ्या पिकायला आल्या, म्हणजे अंगातून उजेड दिसायला लागला आणि त्या तोंडातून तार सोडायला लागल्या. पिकलेली अळी वेचून बांबूच्या पट्ट्यांच्या चटईवर, म्हणजे चंद्रिकेवर, सोडायची, तिथे ती कोष करते. हे काम एका घराचं नसतं. गावात सावड असते, आज तुझ्या घरी सगळ्या, उद्या माझ्या. आमच्याकडे कुणी आलं नाही. भावजयसुद्धा आली नाही. मरणाचा विचार केलेल्या हाताने अळी कोष धरत नाही, असं बय्यण्णाच्या बायकोने नळावर सांगितलं होतं. चौडम्मा म्हणाली, येईनात का, चहाची पावडर वाचली.

चंद्रिका कमी पडत होत्या. मी शेजारच्या गावी आणायला गेलो. जाताना ती खिडकीखाली उभी राहून ओरडली, फाटक्या आणू नका, गेल्या वेळी अर्ध्या फाटक्या होत्या. मी म्हणालो, पाण्याला मी आल्यावर जाऊ. ती म्हणाली, बरं.

उकाड्यात मी परत आलो. वीज नव्हती. दोन खिडक्यांना ओली गोणपाटं टांगलेली, त्यांतून पाणी ठिबकत होतं. तिसरी खिडकी उघडी होती आणि तिथून सरळ ऊन अळ्यांवर पडत होतं. मी आत हाक मारली. मग तळ्याकडे गेलो. काठावर तिच्या चपला होत्या. पाण्यात गोणपाट तरंगत होतं, अर्धं बुडालेलं.

मी ओरडलो. अण्णा गोठ्यातून धावत आला, बघितलं, परत धावत गेला आणि गाईच्या गळ्यातला दोर सोडून घेऊन आला. तो दोर कमरेला बांधून मी उतरलो. त्याच दोराने अण्णाने आणि धावून आलेल्यांनी आम्हा दोघांना वर ओढलं.

तिला काठावर ठेवल्यावर मी तळ्याची बाजू बघितली. शेवाळावर बोटांच्या रेघा होत्या. पाण्यापासून वरपर्यंत, एका जागी नाही, तीन-चार जागी. ती एका ठिकाणी निसटली की सरकून दुसऱ्या ठिकाणी चढत होती. तिच्या नखांत हिरवं होतं. मी अण्णाला म्हणालो, बघ. तो बघत नव्हता. मी त्याचा दंड धरून त्याला वाकवलं. तो म्हणाला, "उडी टाकली तरी शेवटी जीव धडपडतोच." आणि आपला दोर गुंडाळायला लागला.

पोलीस आले. हवालदाराने लोकांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, वर्षभर मरायचं म्हणत होती, हाच सांगत होता, हाच राखण करत होता. मी म्हणालो, ती बरी झाली होती, गोणपाट भिजवायला गेली होती, दोन भिजवून टांगली, तिसऱ्याला गेली. मरणारी बाई अळ्यांना ऊन लागू नये म्हणून गोणपाट भिजवते का? हवालदार म्हणाला, बाबा, मी कमी बघितलेत का, चूल पेटवून भात शिजत ठेवून जातात. वनजाक्षी आली होती. तिने ठासून सांगितलं की ती नीट होती, मी काल बोलले. हवालदाराने तिला एकच विचारलं, गोळ्या चालू होत्या का? ती म्हणाली, होत्या, चालू ठेवायच्याच असतात. त्याला तेवढंच हवं होतं.

आमच्यात माणसाला आपल्या रानात पुरतात. आमच्या रानाच्या कोपऱ्यात माझे वडील आहेत, आजा आहे, आजी आहे. सवाष्ण बाई गेली तर हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलं घालून वाजतगाजत नेतात. अण्णा म्हणाला, आपल्या हाताने गेलेलीला तिथे नेता येत नाही. तिला गावतलावाच्या कडेला पुरली, वाजवल्याशिवाय. बांगड्या मंजुळाने घातल्या, त्यालाही बायका कुजबुजल्या.

सुतकात अळ्यांच्या शेडमध्ये शिरत नाहीत. मी संध्याकाळी शिरलो. अळ्यांना कुणी वेचलं नव्हतं. त्यांनी मिळेल तिथे कोष केले होते, काड्यांच्या बेचक्यात, भिंतीच्या कोपऱ्यात, टांगलेल्या गोणपाटांवर. उन्हाच्या बाजूच्या मेल्या होत्या. बाकीच्या अजून फिरत होत्या. मी एकट्याने जमतील तेवढ्या वेचून चंद्रिकांवर सोडल्या. अव्वा दारातून म्हणाली, बायको मातीत गेली आणि ह्याला किडे सुचतात. मंजुळा आत आली, माझ्याबरोबर वेचायला लागली. मग तिने विचारलं, "अप्पा, खरं सांगा. तुम्हाला खात्री आहे ना?"

मी खात्री आहे म्हणालो. तिने मान हलवली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, पण तिचा हात ज्या तऱ्हेने अळीवर थांबला त्यावरून मला कळलं की तिच्या सासरी तिने वेगळंच ऐकलं आहे आणि तिला तेच सोसायला सोपं आहे. आईला मरायचं होतं आणि ती मेली, हे तरी सरळ आहे. आईला जगायचं होतं, आणि काठावर धरायला काही नव्हतं, हे घेऊन कुठे जायचं?

मी घरातच ठेवली असती गोष्ट, तर आज ती पाय घसरून मेलेली बाई असती. हे मला वनजाक्षीने नाही, बय्यण्णाने सांगितलं. वाईट बोलायला नाही, चांगल्या मनाने सांगितलं. म्हणाला, तू गावभर बोललास तिथे चुकलास, असलं घरात दाबायचं असतं. मी त्याला म्हणालो, दाबलं असतं तर ती वर्षभर आधी मेली असती. तो म्हणाला, पण मग आपल्या रानात असती ना.

महालय अमावास्येला आमच्याकडे वाडवडिलांची पानं मांडतात. थोरल्याच्या घरी, एका रांगेत, प्रत्येकाच्या नावाने एक पान, त्यावर त्याच्या आवडीचं जेवण, पानाशेजारी नवं कापड. घरातलं कुणी नुकतंच गेलेलं असेल तर त्याचं पान त्या वर्षी पहिल्यांदा रांगेत येतं. मी हिरवी साडी आणली. कोष विकून आलेल्यातली. सकाळी अंघोळ करून साडी घेऊन अण्णाच्या घरी गेलो. भावजय पानं पुसत होती. वडिलांचं, आजाचं, आजीचं आणि लहानपणी गेलेल्या एका चुलत्याचं. मी शेवटच्या पानाशेजारी साडी ठेवली.

अण्णाने साडी उचलली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, हट्ट करू नकोस. अव्वा म्हणाली, ती ह्या रांगेत बसली तर बाकीचे जेवायला येणार नाहीत.

मी म्हणालो, "अण्णा, दोर कुठे होता त्या दिवशी?"

भावजय हातातलं पान धरून तशीच बसली. अण्णा माझ्याकडे आला. मला वाटलं, मारणार. तो अगदी जवळ उभा राहिला. त्याच्या अंगाला गोठ्याचा वास होता. हळू म्हणाला, बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून, पण त्यांना गेलं.

"पान मांडलं म्हणजे ती पडली असं झालं. ती पडली असं झालं की मग मी कोण, ते तू सांग. सांग ना. तुला एक बायको होती, ती गेली. मला ह्या गावात अजून राहायचंय."

मी सांगितलं नाही. सांगायला एक शब्द होता, तो तोंडात आला होता. पण त्याचे डोळे बघितले आणि मला समजलं की तो शब्द त्याने स्वतःला रोज ऐकवला आहे, आणि तरीही तो पान मांडणार नाही. उलट त्यामुळेच मांडणार नाही. त्याने धूप घातला. लोबानाचा धूर झाला. तो वाडवडिलांच्या पाया पडला, अव्वा पडली, त्याची मुलं पडली. मी साडी काखेत धरून उभा राहिलो आणि मग बाहेर आलो.

वनजाक्षी म्हणते, तुमच्या घरी वेगळं पान मांडा, कोण अडवतं? कुणी अडवत नाही. पान मांडायला मला येतं, सार करायलाही येतं. पण मला तिला बाजूला एकटीला बसवायचं नाही. वर्षभर मी तेवढंच केलं, तिला एकटं बसू दिलं नाही. तिला रांगेत बसवायचं आहे, आजीच्या शेजारी, सगळ्यांच्या बरोबर.

दुसऱ्यांदा महालय येऊन गेली. अण्णाने तळ्यावर नवा दोर बांधला आहे, निळा, नायलॉनचा, दोन्ही बाजूंना. साडी ट्रंकेत आहे. चौडम्माचं पान अजून मांडलेलं नाही.